शेजारच्या ग्रामपंचायतीचे सॉफ्टवेअर आपल्याला चालेल का?

ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि शासनमान्य ग्रंथालयांतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरपट्टीची मागणी, पाणीपट्टीची बिले, दाखल्यांची नोंद, आवक-जावक. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही ग्रामपंचायतीत गेलात तरी ही कामे तीच. तरीही अनेक कार्यालये त्यासाठी नवे सॉफ्टवेअर करून घेतात आणि दरवेळी पूर्ण पैसे मोजतात. एकाच कामावर लोकांच्या कराचा पैसा दोनदा जाऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते. सॉफ्टवेअर बनवणे हाच आमचा व्यवसाय आहे, पण पैसे घ्यायचे ते नव्या मेहनतीचे. लिहून झालेला कोड गावोगाव पुन्हा विकायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. म्हणून शेजारच्या कार्यालयाचे सॉफ्टवेअर ‘मुक्त’ असेल तर तेच वापरा, असे आम्ही सुचवतो.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

सॉफ्टवेअर ज्या मूळ लिखाणातून तयार होते तो सोर्स कोड. ओपन सोर्स म्हणजेच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा कोड तुमच्या हातात येतो आणि तो वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व दुसऱ्याला देण्याची परवानगी लेखी मिळते; यालाच मुक्त परवाना म्हणतात. लायसन्सची रक्कम द्यावी लागत नाही. मात्र सॉफ्टवेअर बसवणे, जुन्या नोंदी भरणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे आणि वर्षभराची देखभाल यांना खर्च येतोच, आणि तो अंदाजपत्रकात धरायला हवा. आपल्याकडे सर्वात जास्त वेळ जातो तो जुन्या नोंदींवर. त्या युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणून, नाव न् नाव तपासावे लागते.

वाडी, सामायिक घर आणि पावसाळा

समजा, मालवण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने घरपट्टीचे सॉफ्टवेअर करून घेतले. मागणीची यादी वाडीवार निघते. सामायिक घराच्या एकाच मागणीवर चार भावांना चार वेगळ्या पावत्या देता येतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला सगळी थकबाकी एका पानावर मिळते. पावसात नेट गेले तरी नोंदी कार्यालयातल्या संगणकावर होत राहतात आणि नेट आले की वर जातात. गुहागर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीला याहून वेगळे काय हवे असते? बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा वाडीचा रकानाच नसतो, म्हणून कोकणातल्या कार्यालयांनी आपसात देवघेव करण्याला जास्त अर्थ आहे.

गावागणिक बदलतात ते दर. घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते, पण शासनाने घातलेल्या किमान-कमाल मर्यादेत नेमका दर ग्रामपंचायत ठरवते. त्यामुळे गावाचे नाव, वाड्या, दर आणि पावतीवरचा मजकूर आम्ही कोडमध्ये लिहीत नाही, सेटिंगमध्ये ठेवतो. हे पथ्य पाळले नाही तर प्रत्येक गावाची वेगळी आवृत्ती होते आणि एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे पोचत नाही. एस्टोनियाने २००१ पासून सरकारी खात्यांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरलेली एक्स-रोड ही प्रणाली फिनलंडनेही घेतली. मग दोन्ही देशांनी आपापली आवृत्ती वेगळी वाढवत न नेता २०१७ मध्ये तिच्या गाभ्याच्या देखभालीसाठी सामायिक संस्था काढली. तालुक्यातल्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून देखभालीचा खर्च वाटून घेणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

ई-ग्रामस्वराजसारख्या शासकीय प्रणाली ज्या कामांसाठी ठरवून दिल्या आहेत, ती कामे तिथेच करायची. आपण बोलतो आहोत ते उरलेल्या कामांबद्दल.

कार्यादेशात काय लिहून घ्यावे

हा भाग कृपया सावकाश वाचा. पैसे दिले म्हणजे कोड आपला, असे अनेकांना वाटते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रणाली साहित्यकृतीत मोडते, आणि तिचे हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे तर कलम १९ नुसार ते लेखी व सहीनिशी सोपवावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षे धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून काम आम्हाला द्या किंवा आणखी कोणाला, कार्यादेशात आणि करारात असे वाक्य जरूर घाला:

“या कामासाठी नव्याने तयार झालेला सोर्स कोड, डेटाबेसची रचना आणि वापरपुस्तिका यांचे सर्व हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी कार्यालयाकडे राहतील. कार्यालय हे सर्व मुक्त परवान्याखाली इतर कार्यालयांना देऊ शकेल.”

शेवटचे बिल अदा करण्यापूर्वी सोर्स कोड ताब्यात घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर बसवून चालवून दाखवायला सांगा. आमच्याकडूनही तसेच करून घ्या.

केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. केंद्रीय कार्यालयांना आणि ते स्वीकारणाऱ्या राज्यांना ते लागू आहे. निविदेत मुक्त पर्यायाचा विचार व्हावा आणि पुरवठादाराने तो वगळला तर कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे, आणि त्यासाठी ओपनफोर्ज हे सरकारी ठिकाण आहे. इटलीचा कायदा यापुढे जातो: सरकारी कार्यालयाच्या मालकीचा कोड मुक्त परवान्याखाली इतर कार्यालयांना विनामूल्य उपलब्ध करणे तिथे बंधनकारक आहे.

परवाना कोणता निवडावा?

एमआयटी परवान्यात कोणीही कोड घेऊन, बदलून, आपला बदललेला कोड कोणाला न दाखवता विकू शकतो. जीपीएलमध्ये बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला देणाऱ्याने कोडही द्यावा लागतो. एजीपीएलमध्ये बदललेले सॉफ्टवेअर इंटरनेटवरून नुसते चालवायला दिले, तरी वापरणाऱ्यांना कोड उपलब्ध करावा लागतो. ग्रामपंचायतींची कामे आता ब्राउझरमधूनच होतात. लोकांच्या पैशातून झालेली सुधारणा लोकांकडे परत यावी यासाठी आम्ही एजीपीएल सुचवतो.

गावाची माहिती बाहेर जाईल का?

नाही. खुला होतो तो कोड. घरमालकांची नावे, मोबाइल क्रमांक, थकबाकी हे सगळे तुमच्या डेटाबेसमध्ये राहते आणि तिथेच राहिले पाहिजे. कोड देण्याआधी त्यातले पासवर्ड आणि चाचणीसाठी वापरलेल्या खऱ्या नोंदी काढून टाकणे ही आमची जबाबदारी.

ग्रंथालयांसाठी

कोहा ही ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रंथालय संस्थेने करून घेतली. त्यांच्या जुन्या प्रणालीला २००० सालापासूनच्या तारखा हाताळता येणार नव्हत्या. नवी प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली, जीपीएलखाली खुली केली गेली आणि आज भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. युनिकोड असल्यामुळे मराठी पुस्तकांची सूची मराठीतच करता येते. तुमच्या वाचनालयासाठी आम्ही नवे काही लिहिणार नाही, कोहाच बसवून देऊ.

भेटायला येताना सध्याच्या सॉफ्टवेअरचा कार्यादेश, करार आणि शेवटचे देखभाल बिल घेऊन या. कोड कोणाच्या मालकीचा ठरतो आणि तो शेजारच्या कार्यालयाला देता येईल का, हे कागद वाचून सांगू. त्याचे शुल्क नाही.