नाट्यवदंता

ऑपेरा व संगीत नाटक यांच्या जगातील ताज्या घडामोडी, गायकांचे हेवेदावे आणि ऐकीव गोष्टी मिश्कीलपणे सांगण्याची व त्यांवर भाष्य करण्याची प्रथा. बोलताना ‘नाटकवाल्यांच्या गप्पा’ असेच म्हणतात. ‘वदंता’ हा शब्द येथे सोयीसाठी योजला आहे.

या प्रकारातील सर्वांत चर्चिलेली जुनी कृती म्हणजे व्हेनिसमध्ये निनावी छापलेली ‘इल तेआत्रो आल्ला मोदा’ ही पुस्तिका. तिच्यावर साल नाही. १७२० च्या अखेरीची ती असावी, असे बहुतेक अभ्यासक धरतात. कर्तृत्व संगीतकार बेनेदेत्तो मार्चेल्लो याच्याकडे दिले जाते व ते मान्य करण्यास हरकत नाही. कवी, संगीतकार, गायक इतकेच नव्हे, तर गायिकांच्या आयांनाही तीत उपरोधिक उपदेश आहे. कवीने प्राचीनांना वाचू नये, कारण प्राचीनांनी तरी आधुनिकांना कुठे वाचले होते, हा त्यांपैकी एक. खरी गंमत मुखपृष्ठावर आहे. मुद्रकाचे नाव ‘आल्दिविवा लिकांते’ असे दिले आहे. पहिला शब्द व्हायोलिनवादक संगीतकार विवाल्दी याच्या नावातील अक्षरांची उलटापालट आहे, तर दुसऱ्यात कांतेल्ली ही गायिका दडली आहे. चित्रात होडीच्या एका टोकाला टोपी घातलेला छोटा देवदूत व्हायोलिन वाजवताना दिसतो. विवाल्दीचे काम सांत आंजेलो (म्हणजे ‘पवित्र देवदूत’) या नाट्यगृहात चाले, हे ठाऊक असणाऱ्याला खूण तत्काळ पटे.

लंडनमध्ये हेंडेलचा ‘रिनाल्दो’ २४ फेब्रुवारी १७११ रोजी रंगभूमीवर आला. लगेच ६ मार्चला अ‍ॅडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात चिमण्यांनी भरलेला पिंजरा खांद्यावरून नेणारा माणूस रंगवला, त्या चिमण्या ऑपेरातील उपवनासाठी होत्या. असले तपशील स्वरलिपीत सापडत नाहीत. ध्वनिमुद्रणापूर्वीचा प्रयोग डोळ्यांपुढे उभा करायचा, तर अशा लेखनाला दुय्यम मानून चालणार नाही.

मराठीत वदंतेचा इतिहास कसा बनतो, याचे उत्तम उदाहरण ‘बालगंधर्व’ ही पदवी. नारायण श्रीपाद राजहंस (जन्म २६ जून १८८८) यांचे गाणे दहाव्या वर्षी ऐकून टिळकांनी हा शब्द उच्चारला, असे परंपरा सांगते आणि साल १८९८ देते. टिळक मात्र ६ सप्टेंबर १८९८ पर्यंत कारावासात होते. तेव्हा हे साल धरायचे, तर प्रसंग त्या वर्षाच्या अखेरच्या चार महिन्यांतच बसवावा लागतो. नेमके शब्दही निरनिराळे सांगितले जातात. प्रसंग सर्वस्वी कल्पित म्हणण्याइतका आधार नाही. तारखेबाबत सावध राहणे अधिक सयुक्तिक.

छापील वदंतेला मराठीत वळण कोणी दिले, यावर एकच एक नाव सांगणे कठीण. तथापि अच्युत बळवंत कोल्हटकर (१८७९–१९३१) यांचा वाटा मोठा मानावा लागतो. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक असताना त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. पुढे १९१५ मध्ये मुंबईत त्यांनी ‘संदेश’ काढला. त्यातील ‘वत्सलावहिनींची पत्रे’ घरगुती, खुसखुशीत बोलीत होती आणि बातमीला गप्पेचा सूर या पत्रांनीच लावला.

नागपूर परिसरात याची मौखिक बाजू अधिक जुनी दिसते. खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर थांबला की सोंगाड्या गावातल्या भानगडींवर बोलू लागतो. तिचा उगम भोसलेकाळात नेण्याकडे काहींचा कल आहे. तमाशाशी तिचे नाते उघड आहे.

नागरी रंगभूमीवर हा वारसा ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) भोवती टिकून आहे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांचे आरंभीचे शिक्षणही येथेच, शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. ‘घेई छंद मकरंद’ हे पद नाटकात दोन चालींत येते, आणि आजही नाट्यगीतांच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहाचे कप हाती धरून म्हातारी मंडळी त्यावरच अडतात: कोणत्या चालीला वन्समोअर जास्त पडायचे? एक जण मुखडा गुणगुणतो, दुसरा मान हलवून त्याला अडवतो आणि तिसरी घंटा होईपर्यंत कोणी आत जात नाही.