गच्चीवरची सावली आणि तुमची सोलर यंत्रणा

सोलर बसवण्यासाठी आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'आमच्या गच्चीवर किती किलोवॅट बसेल?' त्याआधी आम्ही विचारतो, सावली कुठे पडते आणि केव्हा?

पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे चौकोन, एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. एकावर सावली आली की पाइपवर पाय पडावा तसा मागचा-पुढचा सगळा प्रवाह आवळला जातो. सावलीतला सेल तापूही लागतो. हे टाळायला पॅनलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, पण वगळलेल्या भागाची वीज मिळत नाही. तळहाताएवढ्या सावलीने पॅनलची एक तृतीयांशपर्यंत वीज जाऊ शकते ती अशी. काचेवर वाळलेली कबुतराची विष्ठा हेच करते. लांबून जाणाऱ्या वायरीची पुसट सावली मात्र फारशी बाधत नाही.

पुण्यात मे महिन्यात गच्ची पाहिली तर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, जिन्याच्या खोलीची सावली तिच्या पायाशीच असते आणि सगळी जागा मोकळी वाटते. इथेच फसगत होते. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी नऊ वाजता सावली वस्तूच्या उंचीच्या सव्वादोन पटींहून लांब पडते. दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली वायव्येला साडेचार मीटरच्या पुढे जाते. भर दुपारीसुद्धा ती उत्तरेला जवळजवळ उंचीएवढी असते. म्हणून टाकी पॅनलच्या उत्तरेला असलेली बरी. नवीन घर बांधत असाल तर प्लंबरला हे आधीच सांगून ठेवा, नंतर पाइप फिरवणं महागात पडतं.

केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती ग्राहकाला 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटचे वाढीव 18,000. तेवढ्यासाठी दोन पॅनल टाकीमागे कोंबायचा आग्रह होतो. आमचं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. उन्हातला 1 किलोवॅट वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे 4 युनिट देतो. सावलीतल्या पॅनलकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही आणि ती पॅनल पुढची 25 वर्षं तिथेच राहणार असतात.

सावली टळतच नसेल तर पॅनलखालचं स्ट्रक्चर उंच करता येतं किंवा त्या पॅनलना ऑप्टिमायझर अथवा मायक्रो-इन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे चालवणारं छोटं उपकरण, लावता येतं. त्यामुळे एका पॅनलचा फटका बाकीच्यांना बसत नाही, पण सावलीत ऊन काही येत नाही. ज्यांची यंत्रणा आधीच बसली आहे, त्यांनी इन्व्हर्टरमध्ये (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रात) शॅडो स्कॅनची, म्हणजे सावली असतानाही जास्तीत जास्त वीज कशी मिळेल ते शोधण्याची, सोय आहे का आणि ती चालू आहे का, हे पाहून घ्यावं. झाडाची अडचण असेल तर महापालिका हद्दीत फांद्या छाटण्याआधी परवानगी काढावी लागते.

पाहणीला आम्ही येण्याआधी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता गच्चीचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, दक्षिण दिशा कोणती तेही लिहा. शेजारच्या प्लॉटवर इमारत उठणार असल्याची कुणकुण असेल, तर तीही त्याच वेळी कळवा.