गिरण्यांच्या जमिनी आणि नियम ५८

शेलू आणि वांगणीला गिरणी कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले, तेव्हा आझाद मैदानात जमलेल्या कामगारांचे आणि वारसांचे म्हणणे एका ओळीचे होते : घर मुंबईतच हवे. त्यावर ‘मुंबईत जागाच कुठे उरली आहे?’ हे उत्तर ठरलेले असते. बदलापूरच्याही पुढची ही गावे का पुढे येतात, हे समजून घ्यायचे तर हे उत्तर बाजूला ठेवावे लागते. जागा होती. सुमारे ६०० एकर, परळ, लालबाग, वरळी, दादर, भायखळ्याच्या ऐन वस्तीत, तीन रेल्वेमार्गांच्या आसपास. ती हातची गेली ती नियमातल्या एका शब्दसमूहाच्या अर्थावरून.

आपल्याकडे जमीन हा राज्यांचा विषय. केंद्राने २०१३ मध्ये राष्ट्रीय जमीन वापर धोरणाचा मसुदा काढला, पण प्रत्यक्ष निर्णय आजही राज्याच्या कायद्यांनी आणि शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीनेच होतात. या परंपरेत मुंबई इलाखा आघाडीवर होता. ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्यापाठोपाठ इथे १९१५ मध्ये नगररचना कायदा झाला, १९५४ मध्ये विकास आराखडा बंधनकारक झाला आणि १९६६ मध्ये आजचा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याची मर्यादा, मुंबईत आला तो १९६४ मध्ये.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ब्रिटनने १९४७ मध्ये जमीन मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क सरकारकडे घेतला. आपण परवानगीची पद्धत उचलली, हक्काचा प्रश्न मात्र मोघम ठेवला. परिणामी चटईक्षेत्र ही शहराने घातलेली मर्यादा न राहता मालकाची मिळकत समजली जाऊ लागली. गिरण्यांच्या वादात तर ते स्पष्टच दिसले. कापड गिरणीसाठी, कित्येक ठिकाणी नाममात्र भाड्याने, मिळालेली जमीन कापड थांबल्यावर कोणाची, हा प्रश्न सरळ कधी विचारलाच गेला नाही.

१९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा बंद होत गेला. ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीयीकृत होत्या, उरलेल्या बहुतेक खासगी. १९९१ च्या नियमावलीतला ५८ वा नियम या जमिनींसाठी होता आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईसाठी लिहिलेला तो सर्वांत दूरदृष्टीचा नियम होता. बोलीभाषेत त्याला ‘एक तृतीयांशचा नियम’ म्हणतात. ढोबळमानाने एक वाटा बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी गृहनिर्माण प्राधिकरणाला आणि एक मालकाला. प्रत्यक्षात मालकाचा वाटा ५ हेक्टरपर्यंतच्या गिरणीला ४० टक्के होता आणि १० हेक्टरच्या वर ३० टक्के. म्हणजे जमीन जितकी मोठी, तितका शहराचा हिस्सा मोठा.

कच्चा दुवा दुसरीकडे होता. वाटणी लागू व्हायची ती बांधकामे पाडून पुनर्विकास केला तर. आहे ती शेड न पाडता वापरली तर काहीच द्यायचे नव्हते. मग शेडच्या आत काचा बसल्या, कार्यालये आली, हॉटेले आली. लोअर परळच्या एका गिरणीत तर कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली बोलिंग अ‍ॅलीला परवानगी मिळाली. ज्यांचा पगार थकला होता त्यांच्या करमणुकीच्या नावाखाली! दहा वर्षांत वाटणीसाठी मोजक्याच गिरण्या पुढे आल्या.

याच काळात, १९९६ मध्ये, एका नामवंत वास्तुरचनाकाराच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीयीकृत गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून अहवाल दिला. सुटे तुकडे जोडून सलग मोकळ्या जागा कराव्यात, परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकांभोवती माणसांना वावरायला जागा द्यावी, अशी तिची दिशा होती. अहवाल बाजूला पडला.

मार्च २००१ मध्ये नियम ५८ बदलला. हा बदल नीट वाचायला हवा. १९९१ च्या नियमात वाटणीसाठी दोन गोष्टी होत्या : मोकळी जमीन, आणि पुनर्विकासात बांधकामे पाडल्यावर मिळणारी जमीन. २००१ मध्ये दुसरा भाग गेला आणि त्या जागी ‘शिल्लक चटईक्षेत्र’, म्हणजे मर्यादेतले न वापरलेले बांधकाम, आले. वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण कापड गिरणी बहुतांश आडवी पसरलेली असते. करवतीच्या दातांसारख्या छपराच्या शेड, त्यात साचाखाते, गोदामे, बॉयलर, चिमणी. मोकळी म्हणावी अशी जागा कडेकडेने, किंवा गेटापासून खात्यांपर्यंतच्या रस्त्याची.

आकड्यात पाहू. समजा गिरणी ४ हेक्टरची, म्हणजे ४०,००० चौरस मीटर, आणि तीन चतुर्थांश जागेवर शेड. जुन्या नियमाने सगळे पाडून बांधायचे तर बागेला ३३ टक्के, म्हणजे १३,२०० चौरस मीटर, आणि घरांना २७ टक्के, म्हणजे १०,८०० मिळाले असते. मालकाकडे १६,००० उरले असते. नव्या नियमाने जमिनीची वाटणी फक्त १०,००० मोकळ्या चौरस मीटरची : बागेला ३,३००, घरांना २,७००, मालकाकडे ३४,०००. शेड तीच, चिमणी तीच, शहराचा हिस्सा मात्र चौथाईवर आला.

सरकारचे म्हणणे असे होते की जुन्या नियमाखाली कोणी पुढे येत नव्हते, जमीन पडून होती आणि कामगारांची देणी थकली होती. मालकाला काही उरले तरच पैसा उभा राहील. यात तथ्य नव्हते असे नाही. देणी खरोखरच थकली होती आणि संघटनांतही यावर दोन मते होती. पण आहे त्या शेड वापरण्याची पळवाट बंद करणे हा सोपा उपाय समोर होता. तो न घेता वाटणीच कापली गेली.

प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ‘मोकळी जमीन’ म्हणजे बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही, असा अर्थ लावला. दरम्यान राष्ट्रीयीकृत गिरण्यांचे लिलाव झाले होते. लोअर परळची सुमारे १७ एकरांची एक गिरणी ७०२ कोटींना, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. हे व्यवहारही अडकले. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला : २००१ चा बदल वैध, आणि मोकळी जमीन म्हणजे जी आधीपासून मोकळी आहे तेवढीच. त्यानंतर क्रेन थांबल्या नाहीत.

पुढचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्या अरुंद जिन्यावरची बरीचशी गर्दी जुन्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत जाणारी होती. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. दादरच्या इंदू मिलची सुमारे १२ एकर जमीन स्मारकासाठी पूर्णपणे मिळाली, पण ती राजकीय निर्णयाने. नियम ५८ ची त्यात भूमिका नव्हती.

घरांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांवर इमारती झाल्या. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी २२५ चौरस फूट. अर्ज लाखाच्या वर. ज्यांचे नाव लागले नाही त्यांतले अनेक अर्जदार पुढच्या सोडतीची वाट पाहत गेले, आणि त्यांच्या पावत्या आता मुलांच्या, सुनांच्या फाइलींत आहेत.

२०१८ मध्ये मुंबईची नवी नियमावली मंजूर झाली. गिरण्यांच्या जमिनींचा नियम तीत ३५ व्या क्रमांकावर आहे आणि वाटणी अजूनही मोकळी जमीन आणि शिल्लक चटईक्षेत्र यांचीच होते.