समुद्री कासव आणि तारामासा

समुद्री कासव आणि तारामासा दोघेही समुद्रात राहतात; पण कासवाचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात परतले, तर तारामाशाच्या वंशाने समुद्र कधी सोडलाच नाही. दोघांमधले बरेचसे फरक इथूनच निघतात. कासव हा कणा असलेला सरपटणारा प्राणी. त्याच्या समुद्री जाती सातच. तारामासा कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांच्या संघातला, सुमारे १,९०० जातींचा. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे.

कासव पाण्यात आले ते फुप्फुसे घेऊन. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते, म्हणून मासेमारीच्या जाळ्यात अडकले की ते बुडून मरते. त्याचे रक्त समुद्रापेक्षा बरेच कमी खारट असते आणि जास्तीचे मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. किनाऱ्यावर आलेली मादी रडते असे वाटते ते यामुळे. अंड्यांना तर पाणी चालतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते: वाळू गरम असेल तर माद्या जास्त.

तारामाशाला यातले काहीच करावे लागत नाही. त्याच्या अंगातले पाणी समुद्राइतकेच खारट. अंडी तो बहुधा पाण्यातच सोडून देतो. चालणेही पाण्याच्याच जोरावर: शरीरातल्या नळ्यांमधल्या पाण्याच्या दाबाने भुजांखालचे शेकडो मऊ नलिकापाद, म्हणजे नळीसारखे पाय, हलतात. मेंदू नाही, भुजांच्या टोकांना प्रकाश ओळखणारे ठिपके असतात, तेवढेच डोळे. अनेक जाती शिंपले जरासे उघडले की आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून आत सारतात आणि भक्ष्य तिथेच पचवतात. तुटलेली भुजा पुन्हा वाढते. कासवाचा वल्ह्यासारखा पाय गेला तो गेलाच.

एवढे असूनही नात्याने तारामासा खेकड्यापेक्षा किंवा माकुळापेक्षा कासवाला जवळचा आहे. दोघांच्याही भ्रूणात आधी गुदद्वार तयार होते आणि तोंड मागाहून फुटते, आणि दोघेही एकाच मोठ्या प्राणिशाखेत मोडतात. तारामाशाची तरंगती अळीसुद्धा कासवासारखीच डावी-उजवी बाजू असलेली असते. पाच भुजांचा आकार ती अळी रूपांतर करते तेव्हा येतो.