सोडवणूक-पट्टी, मॉस्को राज्यातील

(रशियन : पोलोन्यानिच्निये देंगी). क्रिमियन तातार व नोगाई यांनी धरून नेलेल्या प्रजाजनांना खंडणी भरून परत आणण्यासाठी मॉस्कोच्या झारांनी बसवलेला कर. ‘पोलोन’ म्हणजे धाडीत वा लढाईत पाडाव झालेली माणसे. त्यांची विक्री मुख्यतः क्रिमियातील काफा (हल्लीचे फिओदोसिया) येथे होई. इतिहासकार नोव्होसेल्स्की यांच्या अंदाजाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच दीड ते दोन लाख लोक असे नेले गेले.

कराच्या आरंभाविषयी दुमत संभवते. १५५१ च्या धर्मसभेच्या ‘स्तोग्लाव’ या निर्णयसंग्रहात (प्रकरण ७२) खंडणी झारच्या खजिन्यातून द्यावी आणि वर्षभरात जितकी रक्कम जाईल तितकी साऱ्या मुलखातील ‘सोखां’वर, म्हणजे जमीन-आकारणीच्या एककांवर, वाटून बसवावी, असे आहे. या सोडवणुकीला तेथे ‘सर्वांचे मिळून दान’ म्हटले आहे. यावरून कराचा उगम १५५१ मध्ये धरता येतो. मात्र ही झालेल्या खर्चाची वाटणी आहे, ठरीव दराची पट्टी नव्हे. तेव्हा नियमित कर पुढे केव्हातरी रूढ झाला, असे मानणेच अधिक सयुक्तिक वाटते.

१६४९ च्या विधिसंहितेत (प्रकरण ८) तो निःसंशय वार्षिक असून घरटी आहे : शहरवासी व मठांची कुळे ८ देंगा, राजवाड्याच्या व जमीनदारांच्या गावांतील कुळे ४, स्त्रेल्त्सी (बंदूकधारी पायदळ; एकवचनी स्त्रेलेत्स), कोसॅक आदी शिपाई २ (२०० देंगा = १ रूबल). वसुली परराष्ट्र कचेरीत जमा होई. खंडणीचे दरही ठरलेले होते : मॉस्कोचा स्त्रेलेत्स ४० रूबल, सरहद्दीवरचा २५, शहरवासी २०, शेतकरी १५. म्हणजे एका शेतकऱ्याच्या सुटकेसाठी ४ देंगा भरणाऱ्या ७५० कुळांची वर्षाची पट्टी लागे. सरदार लढताना सापडला तर त्याच्या नेमणुकीच्या जमिनीमागे, दर १०० चेत्वेर्तला (जमिनीचे एक माप) २० रूबल मिळत. लढाईबाहेर सापडला तर अवघे ५. स्त्रियांसाठी वेगळा दर नाही, ही या सूचीतली खुपणारी उणीव आहे.

कैद्यांची अदलाबदल सतराव्या शतकात बहुधा वालुयकी या सीमेवरील गढीपाशी, राजदूतांच्या देवघेवीबरोबर होई. १६७९ मध्ये ही पट्टी स्त्रेल्त्सी-करात विलीन झाली.

परतलेल्यांविषयी त्याच संहितेचे विसावे प्रकरण उदार आहे : कैदेतून सुटून आलेला गुलाम जुन्या धन्याचा राहत नसे आणि ‘कैदेत सोसले म्हणून’ त्याची बायकामुले त्याच्या हवाली केली जात.