कव्हर कुणाचं, गाणं कुणाचं

एखादी हौशी गायिका लताबाईंचं जुनं गाणं फोनवर रेकॉर्ड करते, यूट्यूबवर चढवते आणि खाली इंग्रजीत लिहिते, ‘कव्हर सॉन्ग ऑफ लता मंगेशकर’. तिला म्हणायचं असतं की गाणं मूळ लताबाईंचं, मी ते म्हणून पाहिलंय. इंग्रजीवर वाढलेल्या वाचकाला मात्र वाटू शकतं की लताबाईंनीच दुसऱ्या कुणाचं तरी गाणं गायलंय. इंग्रजीत ‘कव्हर ऑफ’पुढे गाण्याचं नाव येतं आणि ‘कव्हर बाय’पुढे आत्ता गाणाऱ्याचं. त्यातही गंमत अशी की ‘अ लता मंगेशकर कव्हर’ म्हणजे लताबाईंच्या गाण्याचं कुणीतरी केलेलं कव्हर, आणि ‘लता मंगेशकर्स कव्हर’ म्हणजे लताबाईंनी स्वतः केलेलं. एका षष्ठीच्या प्रत्ययाने मूळ गायकच नक्कल करणारा ठरतो.

व्याकरण घोकून हा गोंधळ फारसा सुटत नाही. हे शब्द धंद्यातून आणि कायद्यातून आले आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गाणं विकलं जायचं ते छापील स्वरलिपीच्या रूपात. मग आपोआप वाजणारे पियानो आले आणि त्यांच्यासाठी भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या विकल्या जाऊ लागल्या. या गुंडाळ्या म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ‘व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो’ या खटल्यात दिला. संगीतकारांच्या हाती काहीच लागेना. १९०९च्या कायद्याने ती चूक दुरुस्त केली, पण एक मेख मारून ठेवली. एओलियन नावाची कंपनी प्रकाशकांशी करार करून सगळी गाणी आधीच खिशात घालेल अशी धास्ती होती. म्हणून नियम झाला की संगीतकाराने एकदा का कुणाला यांत्रिक ध्वनिमुद्रण करू दिलं, की पुढे कुणीही प्रतीमागे दोन सेंट देऊन तेच गाणं मुद्रित करू शकतो. परवानगी मागायची गरज नाही. कव्हर या प्रकाराचा पाया हाच. ब्रिटनच्या १९११च्या कायद्यातही अशीच तरतूद होती, आणि तो कायदा १९१४ साली थोड्याफार फेरफारांसह हिंदुस्थानात लागू झाला.

त्या काळात ‘मूळ गायक’ ही कल्पनाच पातळ होती. गिऱ्हाईक दुकानात गाणं मागायचं, गायक नव्हे. एकच चाल एकाच महिन्यात चार कंपन्या चार गळ्यांतून बाजारात आणत. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९४५ साली सुरू केलेल्या एका यादीत तर क्रम गाण्याला मिळायचा, मग ते कुणी का गायलेलं असेना. ‘कव्हर’ हा शब्द या रेकॉर्डवाल्यांच्या आपसातल्या बोलीतला. दुसऱ्या कंपनीचं एखादं गाणं चालणारसं दिसलं की आपणही लगेच आपल्या गायकाकडून ते करून घ्यायचं, हा त्याचा अर्थ. त्यात मानवंदना नव्हती, सरळ स्पर्धा होती.

पन्नासच्या दशकात या स्पर्धेला वर्णभेदाची धार आली. १९५४ साली ‘द कॉर्ड्स’ या कृष्णवर्णीय गटाचं ‘श-बूम’ गाजत असतानाच ‘क्रू-कट्स’ या गोऱ्या गटाने ते गायलं आणि पहिल्या क्रमांकावर नेलं. पुढल्या वर्षी फॅट्स डॉमिनोच्या ‘एन्ट दॅट अ शेम’चं तेच झालं, पॅट बूनच्या हातून. लॅव्हर्न बेकरच्या ‘ट्वीडल डी’ची जॉर्जिया गिब्जने केलेली आवृत्ती इतकी जवळची होती की बेकरने अमेरिकी संसदेतल्या आपल्या प्रतिनिधीकडे दाद मागितली. कायद्यात तिला थारा नव्हता. गीतकार-संगीतकाराला दोन सेंट मिळत होते, पण गाण्याची मांडणी, ठेका, आवाजाची लकब यांवर कुणाचीच मालकी नव्हती. ‘कव्हर’ शब्दाला जो थोडा कडू वास आहे तो तिथला.

या सगळ्यात लिहिणाऱ्याची खरी परीक्षा घेणारं गाणं म्हणजे ‘हाउंड डॉग’. ते लिहिलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन तरुण गोऱ्या मुलांनी, बिग मामा थॉर्नटनसाठी. तिने ते १९५२ साली मुद्रित केलं, रेकॉर्ड आली १९५३ साली. १९५६ साली एल्विस प्रेस्लीने गायलं, पण थॉर्नटनचं ऐकून थेट नव्हे. फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या गटाने शब्द बदलून ते हलकंफुलकं केलं होतं आणि एल्विसने उचललं ते हे बदललेलं रूप. म्हणजे ‘हाउंड डॉग बाय थॉर्नटन’ म्हटलं तर लेखकांवर अन्याय, ‘बाय लीबर अँड स्टोलर’ एवढंच म्हटलं तर थॉर्नटनवर, आणि ‘बाय एल्विस’ हे तर जगभर चालतंच. इंग्रजीत नीट लिहिणारे म्हणूनच ‘रिटन बाय’ आणि ‘ओरिजिनली रेकॉर्डेड बाय’ वेगळं ठेवतात. ‘सॉन्ग बाय’ या दोन शब्दांवर माझा तरी भरवसा नाही. त्यात कोण लपलंय ते वाचकाला शोधावं लागतं.

साठच्या दशकात गायक स्वतःची गाणी स्वतः लिहू लागले, गाणं आणि गळा यांची गाठ पक्की झाली, आणि दुसऱ्याने नंतर गायलेलं काहीही ‘कव्हर’ ठरू लागलं. ओटिस रेडिंगने १९६५ साली गायलेलं ‘रिस्पेक्ट’ अरेथा फ्रँकलिनने १९६७ साली असं काही फिरवलं की मूळ कुणाचं हे सांगावं लागतं. मात्र टेलर स्विफ्टने २०२१पासून आपलेच जुने अल्बम पुन्हा मुद्रित केले, त्याला कव्हर म्हणत नाहीत, ‘री-रेकॉर्डिंग’ म्हणतात. जुन्या मुद्रणाचा प्रत्यक्ष तुकडा घेतला तर ते ‘सॅम्पल’.

आपल्याकडे शब्द रुजला तो ‘व्हर्जन’. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे)मध्ये ती जुनी तरतूद उतरली होती : आधी नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि मुद्रित झालेलं गाणं पुन्हा मुद्रित करा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने या कलमाचं सोनं केलं. जुन्या चित्रपटगीतांचा खजिना एचएमव्हीकडे होता. तीच गाणी अनुराधा पौडवाल, सोनू निगम अशा गळ्यांतून स्वस्त कॅसेटवर आली. वेष्टनावर चित्रपटाचं नाव ठळक आणि नव्या गायकाचं बारीक, असा प्रकार सर्रास चाले. एसटी स्टँडवरच्या टपरीतून कॅसेट घेऊन घरी लावल्यावर ‘हा आवाज कुणाचा?’ असं विचारणारी एक पिढीच तयार झाली.

१९९४च्या दुरुस्तीने दोन वर्षं थांबण्याची अट घातली. तेवढ्यात ‘हम आपके हैं कौन’चा वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. आपल्या ५५ लाख कॅसेट खपल्या असं ग्रामोफोन कंपनी, म्हणजे एचएमव्हीवाले, सांगत होती, आणि समोर टी-सीरिजची त्याच नावाची, तशाच रंगसंगतीची, सलमान-माधुरीचं चित्र असलेली कॅसेट होती. १९९५ साली न्यायालयाने त्या सारख्या दिसणाऱ्या वेष्टनाला मनाई केली. प्रश्न गाण्यापेक्षा गाण्यावर लिहिलेल्या मजकुराचा होता.

मग रीमिक्सची लाट आली. १९७२च्या ‘समाधी’तलं लताबाईंचं ‘काँटा लगा’ २००२ साली नव्या आवाजात, नव्या ठेक्यात घराघरांत शिरलं आणि जुने संगीतकार-गायक संतापले. २०१२च्या दुरुस्तीत जुनं कलम गेलं आणि ३१सी आलं. आता पाच वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची आणि वेष्टनावर हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं. अलीकडे चित्रपटांत ‘रीक्रिएट’ म्हणून जी जुनी गाणी येतात, ती बहुधा हक्कदाराशी करार करून येतात. त्यांचा या कलमाशी संबंध नाही.

मराठीत ही चौकट पुष्कळदा बसतच नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ५६ गाणी वेगवेगळ्या गळ्यांत वाटलेली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी. पुढे ती सगळीच सुधीर फडके रंगमंचावर एकटे गात राहिले आणि लोकांच्या कानात तीच बसली. चाल त्यांची, मग त्यांनी माणिकबाईंचं कव्हर केलं म्हणायचं? कुणी म्हणत नाही. ‘घेई छंद मकरंद’ वसंतरावांनंतर कितीजणांनी गायलं, त्यालाही कव्हर म्हणणं कानाला खटकतं. नाट्यपद काय किंवा अभंग काय, अनेकांनी गावं म्हणूनच असतो. इंग्रजीत जॅझवाले अशा गाण्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात, तो शब्द इथे जास्त जवळचा. शिवाय आकाशवाणीचा निवेदक गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे तिन्ही सांगायचा. तीच तीन नावं इंग्रजीत ‘लिरिक्स’, ‘म्युझिक’ आणि ‘ओरिजिनली संग बाय’ अशी मांडून पुढे ‘कव्हर बाय’ लिहिलं की घोळ उरत नाही.

कलम ३१सीमधली एक अट मात्र नेटवरच्या शिष्टाचाराच्या अगदी उलटी आहे. आपण सभ्यपणा म्हणून ‘ओरिजिनल सिंगर : लता मंगेशकर’ असं आवर्जून लिहितो. या कलमाखाली निघालेल्या मुद्रणाच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र घालायलाच बंदी आहे, आणि ज्या चित्रपटात ते गाणं होतं त्याच्याही नावाला. कॅसेटच्या जमान्यात या नावांवरच फसवणूक चालायची, म्हणून ही सक्ती. बंदी गीतकार-संगीतकाराच्या नावाला नाही. रॉयल्टी ज्यांच्यासाठी ठेवली आहे ते हेच दोघे, आणि व्हिडिओखालच्या ओळीतून गळतात तेही बहुतेक वेळा हेच दोघे.