पहिलीच्या आधीचा वर्ग: बिगरीपासून बालवाटिकेपर्यंत

२०२२च्या एप्रिलमध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले. जूनमध्ये पहिलीत बसायची मुलं आईचं बोट धरून आली आणि मांडलेल्या टेबलांपुढून एकेक करत पुढे सरकली. कुठे उड्या मारायच्या, कुठे वस्तू रंग आणि आकार बघून वेगळ्या करायच्या, कुठे चित्र पाहून काय दिसतं ते सांगायचं. परीक्षा नव्हती, पण कोणाला काय जमतं याची नोंद होत होती. नंतर वस्तीनिहाय आयांचे गट करून उन्हाळाभर घरी काय खेळून घ्यायचं त्याची कार्डं त्यांच्या हाती दिली. 'पहिले पाऊल' नावाच्या या मोहिमेत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या जोडीला 'प्रथम' ही संस्था होती. तातडीचं कारण कोरोना. अंगणवाड्या दोन वर्षं जवळपास बंद होत्या आणि एक अख्खी तुकडी पूर्वतयारीशिवाय पहिलीच्या दारात उभी होती.

पण पहिलीच्या आधी मुलांचं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे. त्याचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हे शिक्षण आपल्याकडे स्वतःच्या पायांवर क्वचितच आलं. कधी विधवांच्या पोटापाण्याच्या, कधी ग्रामसेवेच्या, कधी पोषणाच्या आडोशाने ते आलं, आणि त्यामुळे त्याचा खर्च 'शिक्षण' या खात्यावर पडणं कायम टळलं.

पंतोजींच्या शाळेत वेगळा शिशुवर्ग नसायचा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की धूळपाटीवर बोट गिरवत ओनामा सुरू. इंग्रजी अमदानीत शाळांना इयत्ता आल्या, तशी पहिलीच्या खाली 'बिगरी' आली. मुलाला बसायची सवय व्हावी, मुळाक्षरं आणि अंक तोंडी यावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. आज शिशुवर्गाबद्दल पालक जे बोलतात ते ऐकलं की बिगरी फारशी हटलेली नाही असं वाटतं, फक्त गणवेश बदलला.

दुसरी वाट युरोपातून आली. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली ब्लँकेनबर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि तीनेक वर्षांत त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. गाणी, बागकाम, लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे एवढाच संसार. तरी प्रशियाच्या सरकारला त्यात नास्तिकपणा दिसला आणि १८५१ मध्ये या शाळांवर बंदी आली. ती जवळजवळ नऊ वर्षं टिकली. हे तंत्र पद्धतशीर शिकून घेणाऱ्या पहिल्या मराठी माणसांत पंडिता रमाबाई ठळकपणे दिसतात. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्यावर फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. या बायकांना मानाने जगता येईल असं काम हवं होतं आणि लहान मुलांना शिकवणं हे समाजाला खपेल असं काम होतं. बालशिक्षण आणि बायकांची निकड यांची जी गाठ तेव्हा पडली, ती आजवर सुटलेली नाही.

ताराबाई मोडकांच्या आयुष्यातही ती दिसते. १८९२चा जन्म, १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी. अमरावतीतला संसार मोडल्यावर त्या राजकोटला स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम करू लागल्या. सौराष्ट्रातच भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं होतं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 'बालगृह' सुरू केलं होतं, त्या पद्धतीवर गिजुभाईंचं बालमंदिर उभं होतं. ताराबाई तिथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक आधी गुजराती आणि पुढे मराठीतही निघू लागलं. मुलाला मारू नये, त्याच्यावर ओरडू नये, त्याला स्वतःच्या गतीने काम करू द्यावं, हे तेव्हा छापून सांगावं लागत होतं. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झालं.

दादरला ते चांगलं चाललं. अडचण होती ती फक्त मध्यमवर्गाच्याच मुलांची सोय होत असल्याची. माँटेसरींची साधनं मोजून-मापून बनवलेली आणि महाग. खेड्यातल्या शाळेला ती परवडणार नाहीत, हा गांधीजींचाही आक्षेप होता. १९४४ नंतर नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची, व्याप्ती जन्मापासून पुढे वाढवायची चर्चा सेवाग्रामला सुरू झाली. त्याच साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक सार्जंट अहवालाने युद्धोत्तर भारतासाठी दहा लाख मुलांच्या शिशुशाळांचा आराखडा मांडला, आणि तो बहुतांशी कागदावर राहिला.

१९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. जन्म १९१०चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, आणि कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरातून ताराबाईंकडे आल्या. याच वर्षी याच पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता, हे सोडून बोर्डीचं काम समजत नाही. ज्या घरातली थोरली माणसं सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबतात, तिथे चार वर्षांच्या पोराला धुऊन-पुसून सकाळी बालवाडीत कोण पाठवणार?

तसंच झालं. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती वाड्या-पाड्यांवरची मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्याकडे गेली. कुणाच्या तरी अंगणात सडा घालून जागा करायची, मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. ही अंगणवाडी. सरकारी योजनेत हा शब्द येण्याच्या तीस वर्षं आधीची. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी माळावर कुरणशाळा भरली. महागड्या साधनांच्या जागी समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं आणि बांबू आले. माँटेसरींच्या कर्मठ अनुयायांना हे रुचलं नसेल, पण माझ्या मते या परंपरेत मराठी माणसांनी घातलेली खरी भर इथेच आहे.

थोरली बहीण शाळेत येत नाही कारण धाकटं तिच्या कडेवर असतं, हेही तिथेच लक्षात आलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्याला 'विकासवाडी' म्हटलं. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. वय वाढत जाईल तसं मूल त्याच आवारात पुढे सरकायचं. पहिलीच्या तयारीची वेगळी मोहीम काढायची गरजच नव्हती. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, काम ओढलं.

दरम्यान दिल्लीत काय चाललं होतं, ते थोडक्यात. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण महत्त्वाचं ठरवलं, पण ते चालवायची जबाबदारी मुख्यतः खासगी संस्थांवर सोडली. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आलं आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. केंद्राचं नाव अंगणवाडी. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं), आयांना आरोग्य-आहार शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना आहाराला पहिला मान मिळाला, यात चूक काही नाही. योजनेचा पुढचा विस्तारही अन्नाच्याच बळावर झाला. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये योजना सार्वत्रिक करायला सांगितलं आणि २००६ मध्ये १४ लाख अंगणवाड्यांचा आदेश दिला. महाराष्ट्रात आज एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

मात्र नाव अंगणाचं राहिलं आणि मूळ कामाचा क्रम उलटा झाला. सेविकेचा दिवस वजनं, आहार वाटप, गरोदर मातांच्या नोंदी, गृहभेटी आणि आता मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर या नोंदींच्या अॅपमध्ये जातो. उरलेल्या वेळात शिकवणं. ती सरकारी नोकरही नाही, 'मानसेवी' आहे, म्हणजे तिला पगार नाही, मानधन मिळतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०२२ उजाडलं. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तेव्हाही मागण्या याच: मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटी.

शहरांत प्रवाह उलट्या दिशेने वाहिला. इंग्रजी शाळांनी नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी अशा पायऱ्या केल्या आणि पहिली पायरी मिळाली की दहावीपर्यंतची चिंता मिटली, असं गणित बसलं. त्यातून तीन वर्षांच्या मुलांच्या, आणि सोबत त्यांच्या आईबापांच्याही, मुलाखती सुरू झाल्या. १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावर लिहिणाऱ्या यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेश परीक्षा बंद करायला सांगितलं. महाराष्ट्रात प्राचार्य राम जोशी समिती नेमली गेली आणि १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशांचं नियमन करणारा कायदाही झाला. मुलाखतींना 'अनौपचारिक गप्पा' म्हणायची सोय मात्र कोणत्याच कायद्याने बंद होत नाही. याच काळात, १९९५ साली, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'प्रथम'चं काम सुरू झालं तेही बालवाड्यांपासूनच, देवळात किंवा कुणाच्या घरात, वस्तीतल्याच तरुण मुलींना तयार करून.

कायद्याच्या पातळीवर संधी आली आणि हुकली. मूळ घटनेतल्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या 'सर्व बालकांचा' उल्लेख होता, त्यात तीन वर्षांचं मूलही बसत होतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क केला तो ६ ते १४ वयोगटासाठी. सहाखालच्या मुलांसाठी ४५ वं कलम नव्याने लिहून राज्याने 'प्रयत्न करावा' एवढं ठेवलं. संघटनांनी तेव्हा विरोध केला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमातही तीन ते सहा वयासाठी सरकार सोय करू शकेल, इतकंच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्यांदा ही तीन वर्षं शिक्षणाच्या मुख्य रचनेत घेतली. पूर्वप्राथमिकची तीन आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा पायाभूत स्तर, पहिलीच्या लगेच आधीचा वर्ग म्हणजे बालवाटिका. २०२१ मध्ये पहिलीच्या सुरुवातीचा तीन महिन्यांचा 'विद्याप्रवेश' हा खेळातून तयारीचा कार्यक्रम आला, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा अभ्यासक्रम आला होता आणि त्यात खेळ, गाणी, परिसरातल्या वस्तू यांवर भर होता.

पण पहिलीचे शिक्षक शालेय शिक्षण विभागाचे आणि सेविका महिला व बालविकास विभागाची. एकाच स्तराची दोन टोकं दोन मंत्रालयांत, दोन वेगळ्या पगारांवर. कोसबाडला जे एका आवारात होतं, ते आज कागदावर जोडायला दोन खात्यांच्या सह्या लागतात. आणि शिक्षण हक्क कायद्यातली वयाची मर्यादा अजून सहा ते चौदाच आहे.